वाद्यांचे दफ्तर

गावाच्या जुन्या दफ्तरात माणसांचे हक्क सापडतात. वस्तूंची रूपे क्वचितच सापडतात. निजामी अमदानीत इनामांची चौकशी होऊन जे मुंतखब दिले जात, त्यांत जमीन कोणती, ती कोणाच्या नावे आणि कोणत्या कारणाने, याचा तपशील काटेकोरपणे नोंदलेला असे. देवळापुढे वाजविणे ही गावोगावच्या सेवांपैकीच एक सेवा होती, आणि पोळ्याला, दसऱ्याला, शिमग्याला हलगी कोणी वाजवावी व त्याबद्दल खळ्यावरून काय न्यावे, हे गावकीच्या रिवाजाने ठरून गेलेले असे. परंतु जी हलगी वाजली तिचे कडे लाकडाचे होते की लोखंडाचे, जी सनई वाजली तिची लांबी किती, ज्या संबळावर गोंधळ उभा राहिला त्याची कातडी कोणत्या गाठीने आवळली होती, हे लिहून ठेवण्याचे कोणा कारकुनाला कारण नव्हते. वाद्य रोज सर्वांच्या डोळ्यांपुढे होते, आणि जे रोज डोळ्यांपुढे असते त्याची नोंद सहसा कोणी करीत नाही.

आज ते डोळ्यांपुढून हळूहळू हलू लागले आहे. लग्नाच्या वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. ढोलकीला दोरीच्या जागी नटबोल्ट आले. हलगीवर कातड्याऐवजी कारखान्यात निघालेला पारदर्शक पडदा बसला, जो विस्तवावर तापवावा लागत नाही आणि पावसात सैल पडत नाही. या बदलांविषयी गळा काढण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही, कारण वाजविणाऱ्याने आपली सोय पाहावी हे रास्तच आहे. प्रश्न एवढाच की जे जात आहे ते कसे होते, याची विश्वसनीय साक्ष मागे राहणार की नाही. आणि ज्या काळी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे त्या काळी ती राहिली नाही, तर दोष साधनांचा असणार नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले म्हणजे वीसेक किलोमीटरवर करमाड लागते. १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मनमाड-हैदराबाद लोहमार्ग टाकला गेला, त्या मार्गावरील हे एक स्थानक. अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत शेजारी उभी राहिली आणि जे हात कालपर्यंत कपाशीच्या तासात होते, त्यांतले कित्येक आता पाळीच्या भोंग्याबरोबर कारखान्याच्या फाटकातून आत जातात. अशा संधिप्रदेशातील गावांत वाद्यांची स्थिती मोठी विलक्षण असते. भजनी मंडळाचा पखवाज, टाळ आणि पेटी देवळाच्या कपाटात नांदत असतात. गोंधळ्याचे संबळ-तुणतुणे घराच्या खुंटीला असते. खंडोबाच्या वाघ्याची दिमडी झोळीत असते. आणि बँडवाल्यांची पितळी वाद्ये लग्नसराई संपली की पोत्यांत गुंडाळून माळ्यावर जातात. यांतील एकही वस्तू संग्रहालयात जाण्याइतकी प्राचीन वा अलंकृत नसते, आणि म्हणूनच तिचे चित्र काढण्याचे कोणाच्या मनात येत नाही. या टापूत अशा वाद्यांची छायाचित्रे घेण्याचा उद्योग आम्ही हौसेने आरंभिला, आणि त्यातून छायाचित्रणासंबंधी जे उमगले ते येथे मांडावयाचे आहे.

पूर्वीची साक्ष

या भूमीत वाद्यांचे चित्रण नवे नाही. छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस, विद्यापीठामागील डोंगरात जी औरंगाबादची लेणी आहेत, त्यांतील सातव्या लेण्याच्या गर्भगृहात सहाव्या शतकातील एक शिल्पपट आहे: मधोमध नृत्यमग्न स्त्री, आणि तिच्या दोहों बाजूंस वाद्ये घेऊन बसलेल्या सहा स्त्रिया. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती बासरी, झांजा आणि तालवाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया रंगविल्या आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कलावंतांनी वाद्य हातात कसे धरले जाते हे इतक्या बारकाईने टिपले आहे की संगीताच्या इतिहासकारांना ही लेणी आधारग्रंथांप्रमाणे उपयोगी पडतात.

कॅमेरा या मुलखात लवकर आला. मद्रासच्या सैन्यातील मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य वेचले. त्यांतील पुष्कळशा लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे त्यापूर्वीच, १८६४ साली, जेम्स फर्गसन यांच्या मजकुरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. पुढे राजा दीनदयाळ यांना सहाव्या निजामाने ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला, आणि त्यांच्या कॅमेऱ्याने दरबार, राजवाडे, शिकारी आणि लेणी यांचे अपूर्व दर्शन जगाला घडविले. या साऱ्या वैभवात वाद्य आले ते कोणाच्या तरी हातातील वस्तू म्हणून. स्वतंत्रपणे, मागून-पुढून न्याहाळण्याची वस्तू म्हणून ते जवळजवळ आलेच नाही.

तसे न्याहाळण्याचा मोठा उद्योग केला तो कॅप्टन सी. आर. डे या लष्करी अधिकाऱ्याने. दक्षिण भारत आणि दख्खन येथील संगीत व वाद्ये यांवरील त्याचा ग्रंथ १८९१ साली निघाला, आणि त्यातील रंगीत चित्रे विल्यम गिब या चित्रकाराने काढली. कॅमेरा उपलब्ध असताही कुंचल्याचा आश्रय का घेतला गेला, याचा विचार उद्बोधक आहे. त्या काळच्या छायाचित्राला रंग नव्हता. शिवाय लाखेच्या चकाकीत लाकडाचे रेषे हरवत आणि काळ्या शाईत कातड्याचा पोत बुडून जाई. चित्रकार मात्र चकाकी हवी तेथे ठेवून नको तेथे वगळू शके. गिबच्या हाताला जो विवेक होता, तो आज आपल्याला दिव्याच्या जागेने साधावयाचा आहे. वाद्यांच्या छायाचित्रणाची विद्या म्हणजे हा विवेकच होय. कॅमेऱ्याचा नंबर यात दुय्यम आहे.

कसोटी कोणती?

बाजारात वाद्ये विकणाराचे छायाचित्र आणि नोंदीचे छायाचित्र यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. विकणाराला वस्तू नवी दिसावयास हवी असते. नोंद करणाराला ती आहे तशी दिसावयास हवी असते. पखवाजाच्या खोडावर जेथे वर्षानुवर्षे मनगट टेकले तेथे लाकूड गुळगुळीत होऊन रंग उतरलेला असतो. पेटीच्या ज्या पट्ट्यांवर अधिक बोटे पडतात त्यांच्या कडा झिजलेल्या असतात. तुणतुण्याच्या खुंटीला कधी काळी पडलेली चीर सुतळीने बांधलेली असते. ही झीज म्हणजे वाद्याचा सेवातपशील होय, आणि जो प्रकाश ती लपवील तो कितीही मनोहर असला तरी नोंदीच्या कामी निरुपयोगी समजावा.

म्हणून आम्ही एक कसोटी ठरविली. हे वाद्य उद्या नष्ट झाले आणि एखाद्या कसबी कारागिराच्या हाती केवळ ही छायाचित्रे पडली, तर त्यांवरून त्याला दुसरे करता येईल काय? कारागीर सौंदर्याचे प्रश्न विचारीत नाही. तो विचारतो की जाडी किती, जोड कोठे, गाठ कोणत्या बाजूने मारली, तार कोठून निघून कोठे बांधली. या प्रश्नांची उत्तरे मिळतील असा दिवा लावावयाचा, एवढे एक सूत्र धरले म्हणजे पुढील सारे नियम त्यातून आपोआप निघतात.

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, सुषिर आणि घन असे चार वर्ग केले. हे वर्गीकरण नादाच्या उगमावर आधारलेले आहे. परंतु तार, कातडे, नळी आणि धातू ही चार द्रव्ये उजेडाला चार प्रकारे उत्तर देत असल्यामुळे, छायाचित्रकाराला ते जणू त्याच्यासाठीच केले असावे असे वाटते.

अवनद्ध

करमाडच्या टापूत कातड्याची वाद्ये अधिक, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करू. कातडे समोरून उजळले की ते पांढऱ्या कागदासारखे सपाट दिसते. त्यावर उजेड तिरपा, जवळजवळ पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. दिवा कातड्याच्या पातळीपासून जेमतेम दहापंधरा अंश वर उचलावा, म्हणजे प्रत्येक सुरकुती, केसांच्या मुळांचे ठिपके, टिपरूच्या आघाताने पडलेला खळगा आणि शाईच्या थराची उंची आपापली बारीक सावली टाकू लागते. ओसरीच्या दारातून सकाळी जो तिरपा उजेड येतो त्यात हे काम दिव्यावाचूनही होते. वाद्य दाराशी काटकोनात उभे करावे, विरुद्ध बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा धुतलेले धोतर धरावे, म्हणजे सावलीतील भाग अगदीच काळवंडत नाहीत.

पखवाजाच्या बाबतीत दोन तोंडांचे दोन स्वभाव आहेत. उजव्या तोंडावर शाई घोटून बसविलेली असते, ती गर्द काळी; तिच्याभोवती पांढरट कातड्याचे वर्तुळ. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन काळ्याने फसते, चित्र अकारण उजळ करते, आणि कातड्याचा तपशील जळून जातो. येथे कातड्यावर मापन करून शाई किंचित गडद राहू द्यावी; चित्र रॉ स्वरूपात घेतले असल्यास शाईतील भेगा मागाहून वर काढता येतात, परंतु जळून गेलेला पांढरा भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही. डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी ओली कणीक लावतात. तिचे चित्र दोनदा घ्यावे: एकदा कोरे तोंड, एकदा कणीक लावल्यानंतर, कारण ती कणीक हा वाद्याचाच एक तात्पुरता अवयव आहे, आणि ती किती रुंद व किती जाड लावतात हे कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या चित्रावरून लवकर कळते. त्यानंतर बाजूने एक चित्र असावे, ज्यात वादी गठ्ठ्यांवरून कशी गेली आहे आणि गजऱ्यात कशी ओवली आहे ते मोजता येईल.

हलगीची गोष्ट आणखी निराळी. ती वाजविण्यापूर्वी विस्तवावर धरून तापवितात, म्हणजे कातड्यातील ओल निघून ते ताणले जाते. तापविण्यापूर्वीची आणि नंतरची अशी दोन छायाचित्रे त्याच जागेवरून, त्याच तिरप्या उजेडात घेतली, तर सैल कातड्याचा मधला पोक आणि ताणल्यावरची सपाटी यांतील फरक डोळ्यांना दिसतो. जो गुण कानांनी ओळखावयाचा, त्याची अंशतः साक्ष येथे उजेड देतो. परंतु याच कारणास्तव एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. लग्नाच्या चित्रणात वापरतात तसले प्रखर हॅलोजन दिवे जवळ आणले तर ते हलगी नकळत तापवितातच, शिवाय तबल्याच्या शाईला व सुकलेल्या लाकडाला तडे जाण्याचे भय असते. थंड उजेडाचे एलईडी दिवे किंवा खिडकी, याखेरीज तिसरे साधन कातड्याजवळ आणू नये.

दिमडीच्या बाबतीत कायद्याचेही भान ठेवावे लागते. जुन्या दिमड्यांवर घोरपडीचे कातडे असे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलेले आहे. अशा जुन्या वस्तूच्या धन्याचे नाव, गाव आणि चित्र एकत्र प्रसिद्ध करणे म्हणजे एखाद्या गरीब वाघ्यामागे निष्कारण चौकशीचा ससेमिरा लावणे होय. नोंद ठेवावी, परंतु ती प्रसिद्ध करण्यात विवेक ठेवावा.

तत

तुणतुणे हे वाद्य दिसावयास अत्यंत साधे, परंतु चित्रणास अवघड. लाकडाचा पोकळ नळा, त्याच्या तळाला कातडे, बाजूला उभी दांडी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून दांडीच्या खुंटीपर्यंत गेलेली एकुलती एक तार. समोरून घेतलेल्या चित्रात तार दिसत नाही, वरून घेतलेल्यात कातडे दिसत नाही. बारीक तारेला स्वतःचे अंग असे नसतेच. ती दिसते ती तिच्या अंगावरील चकाकीच्या रेषेमुळे. म्हणून तारेसाठी एक लहान दिवा मागून-बाजूने लावावा आणि पार्श्वभूमी गडद करडी ठेवावी, म्हणजे तार उजळ रेघेप्रमाणे सुटी होते; आणि कातड्याशी तारेची गाठ कशी मारली आहे त्याचे, वाद्य आडवे करून, वेगळे चित्र घ्यावे.

तार वाजत असताना चित्र घेतले तर शटरच्या वेगाप्रमाणे दोन निरनिराळी सत्ये हाती लागतात. सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात तार अनेकदा मागेपुढे होऊन जाते आणि मध्ये फुगीर, टोकांना निमुळती अशी धूसर आकृती उमटते. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात ती जवळजवळ थिजलेली दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र चित्र ओळीओळीने वाचले जात असल्याने थरथरत्या तारेवर नसलेल्याच लाटा उमटतात; त्या लाटा म्हणजे नादाचे रूप असे समजून मोठ्या कौतुकाने पसरविणारे पुष्कळ आहेत, पण तो यंत्राच्या वाचनाचा दोष होय.

तंबोऱ्याचे चित्रण हा या विद्येचा कळस. मराठी मुलखात तंबोऱ्याचे नाव घेतले की मिरज आठवते, जेथे एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी ही कारागिरी रुजविली आणि जेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. भोपळ्याची फुगीर पाठ ही लाखेच्या झिलईमुळे आरशासारखी वागते, आणि तीत खिडकी, दिवा, कॅमेरा व छायाचित्रकार असे सर्व जण आपापली तोंडे पाहत बसतात. यावर उपाय दोन. पहिला उपाय म्हणजे दिव्यापुढे पातळ मलमल ताणून उजेडाचे उगमस्थान मोठे करावे, म्हणजे चकाकीचा टोचणारा ठिपका जाऊन तेथे मऊ, रुंद उजळपणा येतो आणि भोपळ्याची गोलाई त्यातून स्पष्ट होते. दुसरा उपाय ध्रुवणकाचा, म्हणजे पोलरायझरचा. लाख, काच, रंग यांवरून सुमारे पंचावन्न अंशांच्या कोनात परावर्तित झालेली चकाकी तो बरीचशी गिळतो, आणि खालचे लाकूड दिसू लागते. परंतु सगळीच चकाकी काढून टाकली तर झिलईदार वाद्य मातीचे वाटू लागते, म्हणून एक चित्र चकाकीसह आणि एक तिच्यावाचून, अशी जोडी ठेवणे उत्तम.

लांबीचाही प्रश्न आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. भोपळ्यापासून दोन फुटांवर दिवा ठेवला, तर चार फूट वर असलेल्या खुंट्यांपर्यंत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचतो, आणि चित्रात भोपळा धगधगतो व खुंट्या अंधारात जातात. तोच दिवा वाद्याच्या मध्यासमोर आठ फुटांवर नेला, तर मध्य आणि टोके यांतील तफावत शेकड्याला पाचसहाच्या पलीकडे जात नाही. नवशिका छायाचित्रकार उजेड अपुरा वाटला की दिवा जवळ ओढतो. जाणता तो दूर नेतो आणि शटर अधिक वेळ उघडे ठेवतो.

सुषिर आणि घन

सनईचे अंग लाकडाचे, तोंडचा पेला धातूचा, आणि फुंकावयाची पत्ती गवताची. म्हणजे एकाच वाद्यात तीन द्रव्ये तीन प्रकारचा उजेड मागतात. येथे एका चित्रात सर्व साधण्याचा हट्ट सोडून पूर्णाकृती एक, पेल्याचे एक आणि पत्तीचे अगदी जवळून एक, अशी विभागणी करावी. छिद्रांच्या कडांची झीज दाखविण्यास पुन्हा तिरपा उजेड.

बँडची पितळी वाद्ये, तुतारी, टाळ आणि झांज यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे: चकचकीत धातूचे छायाचित्र म्हणजे त्याच्या सभोवतालाचे छायाचित्र. उघड्या धातूवरील चकाकी ध्रुवणकाला सहसा दाद देत नाही. म्हणून धातूला दिवा दाखविण्याऐवजी पांढरा कपडा दाखवावा. चारी बाजूंनी पांढऱ्या चादरी टांगून, बाहेरून त्यांवर उजेड टाकून, फक्त लेन्सपुरती फट ठेवली, म्हणजे पितळेत चादरीचा शुभ्रपणा उतरतो. मात्र सर्वत्र पांढरेच उमटले तर आकार विरघळतो. त्यासाठी दोन्ही कडांना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या धराव्यात, त्यांची काळी रेघ धातूच्या कडेवर उमटून गोलाई उभी राहते. टाळांच्या कडा आघाताने कोठे चेपल्या आहेत, मधल्या भोकातील दोरी कशी बांधली आहे, हे तपशील याच पद्धतीने हाती येतात.

धातू घासून लखलखीत करून आणण्याची मंडळींना फार हौस असते, आणि पाहुणे फोटो काढावयास येणार म्हटल्यावर चिंच लावून टाळ उजळले जातात. त्यात आतिथ्य असते, म्हणून त्याला नाके मुरडू नयेत. परंतु आगाऊ निरोप पाठवून वाद्य आहे तसेच राहू द्यावे अशी विनंती करणे इष्ट. खंडेनवमीला लावलेले हळदकुंकू संबळावर वर्षभर राहिलेले असते. ते पुसण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही. तो वाद्यावरचा डाग नव्हे, त्याच्या चरित्राचा भाग होय.

यंत्राचा हिशेब

आता कॅमेऱ्याविषयी. स्थिर वस्तूच्या चित्रणात वेळ आपल्या हाती असतो, आणि हा लाभ बहुतेक जण वाया घालवितात. तिपाई घ्यावी, आयएसओ १०० वर ठेवावा, छिद्र एफ/८ ते एफ/११ या दरम्यान ठेवावे, आणि उजेड कमी असल्यास शटर अर्धा सेकंद वा दोन सेकंदही उघडे राहू द्यावे. पखवाज कोठे पळून जात नाही. छिद्र एफ/१६ च्या पलीकडे बारीक केले तर खोली वाढते, परंतु प्रकाशाच्या विवर्तनामुळे एकंदर चित्राची धार बोथट होते. अल्प उजेडातील धीराचे फळ काय असते, ते बिनॉय बहल यांनी १९९१-९२ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांची फ्लॅशवाचून, दीर्घ अवधीची छायाचित्रे घेऊन दाखवून दिले. लेण्यातील जे रंग प्रखर दिव्यात फिके पडत, ते त्या मंद उजेडात आपल्या मूळ गांभीर्याने प्रकट झाले.

लेन्स ५० मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंतची असावी. रुंद कोनाची लेन्स जवळची वस्तू फुगविते. तिने घेतलेल्या चित्रात तंबोऱ्याचा भोपळा राक्षसी आणि मान काटकुळी दिसते, आणि त्यावरून कारागिराने माप काढले तर वाद्य भलतेच निघेल. मोबाइल हाच कॅमेरा असेल तर दोन पावले मागे सरून दुप्पट झूम वापरावा. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड कायम करावे. आणि पार्श्वभूमी आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकार कटाक्षाने टाळावा, कारण त्या यंत्रबुद्धीला तारा आणि खुंट्या ओळखता येत नाहीत व ती त्यांनाच पुसून टाकते.

रंगासाठी एकच जातीचा उजेड ठेवावा. खिडकीचा निळसर, साध्या बल्बचा पिवळा आणि ट्यूबलाइटचा हिरवट असे तीन उजेड एका पखवाजावर पडले, तर खरा रंग कोणता याचा निवाडा ब्रह्मदेवालाही करता येणार नाही. बाकीचे दिवे मालवावेत, पहिल्या चित्रात वाद्याशेजारी करड्या रंगाचा पुठ्ठा आणि सेंटिमीटरची पट्टी ठेवावी, आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स कायम करावा. झाडाखाली काम करणे सोयीचे वाटते, परंतु लिंबाच्या सावलीत पानांचा हिरवा रंग कातड्यावर उतरतो; त्यापेक्षा घराची उत्तरेकडील सावली बरी. विजेच्या दिव्यांखाली आणखी एक अडचण येते: आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटरमध्ये चित्रावर आडवे पट्टे उमटतात, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून मंद ठेवले की ते जातात.

माणसे आणि मान

युरोपातील संग्रहालयांनी २००९ ते २०११ या काळात आपल्या वाद्यांची सामायिक नोंदवही संगणकावर उभी केली, तेव्हा वाद्य कसे ठेवावे, कोणत्या बाजूंनी टिपावे, पार्श्वभूमी कशी असावी, याचे नियम त्यांनी आधी ठरवून घेतले. आपल्याकडे पुण्यास दिनकर केळकर यांनी जन्मभर जमविलेल्या वस्तूंत वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे, आणि तेथे वाद्य काचेआड शांतपणे उभे असते. गावात ते तसे नसते. हरिनाम सप्ताहात वीणा एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सप्ताह पुरा होईपर्यंत खाली ठेवली जात नाही. तेथे करड्या कापडावर मांडून चित्र घेण्याची गोष्ट काढणेही अप्रशस्त. अशा वेळी वाजविणाऱ्याच्या अंगावरच तिचे चित्र घ्यावे, आणि खरे पाहता ते अधिक मोलाचे ठरते, कारण वीणेचा भोपळा कोठे टेकतो, हात कोणत्या उंचीवर येतो, हे काचेआडच्या वाद्यावरून कधीच कळले नसते. देवीच्या दारी पूजलेला संबळ जमिनीवर ठेवण्यापूर्वी खाली घोंगडी वा चौरंग मागावा. परवानगी आधी विचारावी, आणि नाही म्हटले तर तेथेच थांबावे.

प्रत्येक वाद्याबरोबर एक चिठ्ठी असावी. तीत वाद्याचे स्थानिक नाव, लांबी-रुंदी, द्रव्य, कोठे करविले, कातडे केव्हा बदलले, कोण कोणत्या प्रसंगी वाजवितो, आणि चित्र घेताना कातडे तापविलेले होते की नव्हते, एवढा मजकूर पुरे. चिठ्ठीचा आणि चित्राचा क्रमांक एकच असावा. त्याच क्रमांकाने मिनिटभराचा आवाजही मोबाइलवर मुद्रित करून ठेवावा. छापील प्रत वाद्याच्या धन्याला पोहोचती करणे हा सौजन्याचा नव्हे, देण्याघेण्याचा प्रश्न आहे: त्याने आपले वाद्य दिले, आपण त्याला त्याचे चित्र द्यावे.

हे काम करण्यास मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेतील चारदोन मुले, एक मोबाइल, एक तिपाई, दोन पांढऱ्या चादरी, काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि एखादी उत्तरेकडची ओसरी एवढ्या सामग्रीवर एका गावाची सर्व वाद्ये दसऱ्याच्या सुटीत नोंदून होतात. मुलांना त्यात एक गोष्ट मात्र शिकवावी लागेल, ती म्हणजे चित्र छान आले की नाही हे आपसात न ठरविता ते वाद्याच्या धन्यापुढे धरावयाचे आणि त्यालाच विचारावयाचे की यात गाठ दिसते काय, जोड कळतो काय, तार कोठे बांधली ते समजते काय. तो म्हातारा मान डोलावील तर पुढच्या वाद्याकडे वळावे. त्याने बोट ठेवून काही दिसत नाही असे सांगितले, तर दिवा हलवावा आणि चित्र पुन्हा घ्यावे.